उंदराचं मूत्रपिंड वाचलं, पुढे काय?

औषधी वनस्पती विषापासून मूत्रपिंड वाचवते का, हे तपासणाऱ्या प्रयोगाचा साचा आता ठरून गेला आहे. उंदरांचे पाच-सहा गट करायचे, प्रत्येकात साधारण सहा उंदीर. पहिल्या गटाला नुसतं पाणी. दुसऱ्याला रोज जेंटामायसिनचं, म्हणजे मूत्रपिंडाला इजा करू शकणाऱ्या एका प्रतिजैविकाचं इंजेक्शन, दर किलो वजनामागे ८० ते १०० मिलिग्रॅम, सलग आठवडाभर. उरलेल्या गटांना तेच इंजेक्शन, पण जोडीला एखाद्या औषधी वनस्पतीचा अर्क, किलोमागे २०० मिलिग्रॅम, मग ४०० मिलिग्रॅम. शेवटच्या दिवशी रक्त काढून क्रिएटिनिन आणि युरिया मोजायचं; मूत्रपिंड बिघडलं की रक्तातलं या दोन्हींचं प्रमाण वाढतं. मूत्रपिंडाचे पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. नुसतं जेंटामायसिन मिळालेल्या उंदरांच्या कापांत नलिकांच्या पेशी फुगलेल्या, भिंतीवरून सुटलेल्या दिसतात आणि नलिकेच्या पोकळीत मेलेल्या पेशींचा गाळ साचलेला असतो. अर्क मिळालेल्या उंदरांत हे सगळं बरंच कमी. मग निष्कर्ष लिहिला जातो, की या वनस्पतीत मूत्रपिंडाचं विषापासून रक्षण करण्याची क्षमता आहे.

हाच प्रयोग असंख्य वनस्पतींवर झालेला आहे. विष बदलतं: कधी कॅन्सरवरचं सिसप्लाटिन, कधी पॅरासिटामॉलची प्रचंड मात्रा, कधी कॅडमियम नाहीतर शिसं. वनस्पती बदलते, पान की मूळ की साल हे बदलतं, अर्क पाण्यातला की मद्यार्कातला हे बदलतं. निकाल मात्र फारसा बदलत नाही. छापून आलेल्या जवळजवळ प्रत्येक प्रयोगात अर्क जिंकलेला असतो.

माझा आक्षेप या प्रयोगाला नाही. सुरुवात म्हणून तो योग्यच आहे. आक्षेप आहे तो पुढे जे घडतं त्याला. प्रयोगशाळेत पुढे बहुतेकदा काहीच होत नाही, तोच साचा नव्या पानावर लावला जातो. बाजारात मात्र बरंच काही होतं. 'किडनीचं रक्षण करतं, शास्त्रीय संशोधनाने सिद्ध' अशी ओळ बाटलीवर चढते आणि ज्याचं क्रिएटिनिन नुकतंच वाढलेलं आहे असा घाबरलेला माणूस ती विकत घेतो. मूत्रपिंडाच्या रक्षणाचा दावा उंदरांच्या जिवावर करू देता कामा नये. तो दावा माणसांवरच्या नीट चाचणीतून आलेला असावा, आणि ती चाचणी करण्याची जबाबदारी संशोधनाला पैसा देणाऱ्यांनी घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी हे मान्य करू, की गरज खरी आहे. दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळा परत शोषून घेतात. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळपास पाचवा हिस्सा या दोन छोट्या अवयवांतून जातो. साहजिकच रक्तात जे काही विषारी असेल ते इथे सगळ्यात जास्त येतं, आणि पाणी शोषलं जात असल्यामुळे नलिकेत ते अधिकाधिक दाट होत जातं. त्यात भर म्हणजे गाळणीनंतरच्या पहिल्या नलिकेच्या पेशी काही औषधं स्वतःहून आत ओढतात. जेंटामायसिन तिथल्या मेगालिन नावाच्या प्रथिनाला चिकटून पेशीत शिरतं आणि साचत राहतं. सिसप्लाटिन दुसऱ्या वाहक प्रथिनातून आत येतं, आणि ते घेणाऱ्या जवळपास तिघांतल्या एका रुग्णाच्या मूत्रपिंडाला कमीअधिक इजा होते. डॉक्टरला मग कॅन्सरवरची मात्रा कमी करावी लागते किंवा औषधच बदलावं लागतं. ही इजा टाळणारा एखादा साधा, स्वस्त अर्क मिळाला तर त्याहून चांगलं काय? म्हणूनच या विषयाकडे तुच्छतेने पाहणं मला पटत नाही.

पण उंदीर आणि रुग्ण यांच्यात जे अंतर आहे, ते या प्रयोगांत दिसतच नाही. पहिली गोष्ट वेळेची. बहुतेक प्रयोगांत अर्क विषाच्या आधी किंवा विषासोबत सुरू केलेला असतो. रुग्णाची किडनी बिघडलेली कळते ती विष लागून गेल्यावर. क्रिएटिनिन वाढायला लागेपर्यंत मूत्रपिंडाची निम्मी ताकदही गेलेली असू शकते. केमोथेरपीसारख्या ठरवून दिलेल्या उपचारात आधी अर्क देणं शक्य आहे, हे खरं. पण ज्याच्या पोटात अपघाताने विष गेलं, किंवा जो आधीच वॉर्डात पडून आहे, त्याच्यासाठी या प्रयोगातून काहीच सिद्ध होत नाही.

दुसरी गोष्ट मात्रेची. उंदराची किलोमागची मात्रा शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशेबाने माणसाला लावायची तर साधारण सहाने भागतात. ४०० मिलिग्रॅमचे झाले सुमारे ६५. साठ किलोच्या माणसासाठी रोज जवळजवळ ४ ग्रॅम कोरडा अर्क. वनस्पतीतून दहा टक्के अर्क निघतो असं धरलं, तर रोज ४० ग्रॅम वाळलेलं मूळ किंवा साल. बाजारातल्या गोळीत याचा किती अंश असतो, हे एकदा लेबल वाचून पाहावं. आणि खरोखर एवढी मात्रा पोटात गेली, तर तिच्यातलं पोटॅशियम, ऑक्झलेट आणि बाकीचं सगळं बाहेर टाकायचं काम कुणाचं? त्याच आजारी मूत्रपिंडाचं.

उंदीर तरुण आणि निरोगी असतात, रुग्ण वयस्कर असतो, त्याला मधुमेह असतो, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतात, हा मुद्दा सगळ्यांना माहीत आहे. त्यावर जास्त बोलत नाही. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो अँटिऑक्सिडंटचा युक्तिवाद. या बहुतेक शोधनिबंधांत यश असं समजावलं जातं: विषामुळे पेशीत तिला इजा करणारे मुक्त कण (फ्री रॅडिकल्स) तयार होतात, अर्कातली फ्लॅव्होनॉइड आणि फिनॉल ही अँटिऑक्सिडंट द्रव्यं ते शमवतात, म्हणून पेशी वाचते. ऐकायला हे अगदी पटणारं आहे. पण ही कल्पना माणसांवर मोठ्या प्रमाणात तपासली गेली आहे, आणि त्या तपासणीची हकिकत प्रत्येक वनस्पती-संशोधकाने भिंतीवर लावावी अशी आहे.

सीटी स्कॅनच्या वेळी चित्र स्पष्ट यावं म्हणून शिरेतून देतात त्या काँट्रास्ट द्रवाने कमजोर मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. २००० साली ८३ रुग्णांवरची एक चाचणी प्रसिद्ध झाली. एन-अॅसिटिलसिस्टीन हे अँटिऑक्सिडंट औषध दिलेल्या ४१ जणांपैकी एकाच्या मूत्रपिंडाला इजा झाली, न दिलेल्या ४२ पैकी नऊ जणांच्या. औषध स्वस्त, जवळपास निर्धोक. जगभरच्या रुग्णालयांनी ते उचललं. पुढे उलटसुलट निकाल येत राहिले आणि शेवटी 'प्रिझर्व्ह' नावाची चाचणी झाली, ५ हजारांहून जास्त रुग्णांवर. तिचा निकाल २०१८ साली छापून आला: फायदा शून्य. मधल्या काळात आणखी एक गोष्ट पुढे आली होती. निरोगी माणसांना हे औषध दिलं तेव्हा त्यांचं क्रिएटिनिन थोडं उतरलं, पण मूत्रपिंडाचं काम मोजणारा दुसरा निर्देशक, सिस्टॅटिन सी, जागचा हलला नाही. म्हणजे आकडा सुधारला, मूत्रपिंड होतं तसंच राहिलं.

हळदीतल्या कर्क्युमिनचंही असंच. उंदरांत मूत्रपिंड वाचवणाऱ्या पदार्थांच्या यादीत त्याचं नाव अगदी वर असतं. कॅनडातल्या दहा रुग्णालयांत, पोटातल्या महाधमनीचा फुगा दुरुस्त करण्याची शस्त्रक्रिया होणाऱ्या ६०६ रुग्णांना शस्त्रक्रियेच्या आगेमागे कर्क्युमिन किंवा तसंच दिसणारं निष्क्रिय औषध दिलं गेलं. २०१८ साली निकाल आला. दाह कमी झाला नाही. मूत्रपिंडाला तीव्र इजा झालेल्यांचं प्रमाण निष्क्रिय गटात १० टक्के होतं, कर्क्युमिन गटात १७ टक्के. एका चाचणीवरून कर्क्युमिनला विष ठरवणं चूक होईल. पण 'फायदा नाही झाला तरी नुकसान तर नाही ना' हे वाक्य यापुढे इतक्या सहज उच्चारता येणार नाही.

तिसरं उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. ओलिॲनोलिक आम्ल अनेक वनस्पतींत सापडतं. त्याच्या रेणूत बदल करून बार्डोक्सोलोन नावाचं औषध तयार केलं गेलं. पेशीची स्वतःची अँटिऑक्सिडंट यंत्रणा जागी करणं हे त्याचं काम, म्हणजे वनस्पतींच्या अर्कांविषयी जे सांगितलं जातं नेमकं तेच. सुरुवातीच्या चाचणीत मधुमेही रुग्णांच्या मूत्रपिंडाचा गाळण्याचा वेग खरोखर वाढला आणि मोठी आशा निर्माण झाली. मग २,१८५ रुग्णांची मोठी चाचणी सुरू झाली. ऑक्टोबर २०१२ मध्ये ती मध्येच थांबवावी लागली. औषध घेणाऱ्यांत ९६ जण हृदय निकामी होण्याच्या कारणाने रुग्णालयात दाखल झाले किंवा त्यातून मरण पावले, निष्क्रिय औषध घेणाऱ्यांत ५५. रक्ताच्या रिपोर्टात ज्यांचं मूत्रपिंड सुधारत होतं, त्या माणसांची तब्येत ढासळत होती.

उंदरांच्या प्रयोगात हे कधीच दिसलं नसतं, कारण तो आठवड्याभरात संपतो आणि क्रिएटिनिन हाच त्याचा शेवटचा शब्द असतो.

सिसप्लाटिनच्या बाबतीत तर एक प्रश्न विचारलाच जात नाही, आणि तो टाळणं मला गंभीर वाटतं. अर्क जर पेशीला सिसप्लाटिनपासून वाचवत असेल, तर तो कॅन्सरच्या पेशीलाही वाचवतो का? प्रयोगातल्या बहुतेक उंदरांना कॅन्सर नसतोच, त्यामुळे उत्तर मिळण्याची सोय नाही. ही शंका पुस्तकी नाही. सिसप्लाटिनमुळे लहान मुलांची श्रवणशक्ती जाऊ शकते, ती वाचवण्यासाठी सोडियम थायोसल्फेट देतात. तिथे संशोधकांनी हा धोका ओळखून औषध सिसप्लाटिननंतर सहा तासांनी द्यायचं ठरवलं, म्हणजे कॅन्सरवरचा मारा होऊन गेलेला असेल. यकृताचा एका ठिकाणी मर्यादित असलेला कॅन्सर झालेल्या मुलांत ते उपयोगी ठरलं आणि त्यांच्या जगण्याच्या शक्यतेवर परिणाम झाला नाही. पण दुसऱ्या एका चाचणीत, ज्यांचा कॅन्सर शरीरभर पसरलेला होता अशा मुलांमध्ये थायोसल्फेट मिळालेल्यांचं जगण्याचं प्रमाण कमी दिसलं. इतक्या काळजीने हाताळलेल्या औषधाची ही गोष्ट. केमो चालू असताना कुणाच्या तरी सांगण्यावरून रोज काढा घेणाऱ्याला हे कुणी सांगतं का?

आता विरुद्ध बाजू. तिचे दोन मुद्दे वजनदार आहेत.

पहिला मुद्दा परंपरेचा: या वनस्पती शतकानुशतकं वापरात आहेत, घातक असत्या तर कळलं नसतं का? जे विष घेतल्यावर माणूस त्याच दिवशी कोसळतो, ते नक्कीच कळतं. मूत्रपिंडाचं नुकसान तसं नसतं. ॲरिस्टोलोकिया वंशातल्या वनस्पती युरोपात आणि चीनमध्ये फार जुन्या काळापासून औषधात होत्या. १९९०च्या सुमाराला ब्रसेल्समध्ये वजन कमी करण्याच्या एका उपचारातल्या गोळ्यांत एक चिनी वनस्पती घातली गेली. प्रत्यक्षात तिच्या जागी ॲरिस्टोलोकियाची भुकटी आली होती. तरुण बायकांची मूत्रपिंडं झपाट्याने आकसायला लागली. १९९३ साली डॉक्टरांनी ही बाब प्रसिद्ध केली. पुढे रुग्णांचा आकडा शंभरावर गेला आणि त्यांतल्या बहुतेकांवर डायलिसिस किंवा प्रत्यारोपणाची वेळ आली. एवढ्यावर संपलं नाही. निकामी झालेली मूत्रपिंडं आणि मूत्रवाहिन्या ३९ जणांनी काढून घेतल्या, तेव्हा त्यांतल्या १८ जणांत कॅन्सर सापडला. ते निष्कर्ष २००० साली आले.

बाल्कन प्रदेशात डॅन्यूबच्या उपनद्यांकाठच्या गावांत असाच एक मूत्रपिंडाचा आजार होता, वैद्यकाने १९५०च्या दशकात नोंदलेला. गव्हाच्या शेतात वाढणाऱ्या ॲरिस्टोलोकियाच्या बिया धान्यात मिसळत होत्या. कारणावर भक्कम पुरावा यायला २००७ साल उजाडलं. पिढ्यान् पिढ्या माणसं त्या आजाराने मेली आणि डोळ्यांसमोरच्या रोपाशी त्याचा संबंध कुणाला जोडता आला नाही, कारण रोप पोटात जाणं आणि मूत्रपिंड बंद पडणं यांत वर्षंच्या वर्षं जात होती. शतकांच्या अनुभवाला मी मान देतो. पण हे काम अनुभवाच्या आवाक्यातलं नाही, ते मोजणीचंच आहे.

दुसरा मुद्दा पैशाचा, आणि तो मला जास्त खरा वाटतो. जंगली रोपाच्या अर्कावर पेटंट मिळणं कठीण, मग हजारो रुग्णांच्या चाचणीवर कोणती औषध कंपनी खर्च करणार? त्यामुळे पुरावा नाही याचा अर्थ गुण नाही असा होत नाही, असं वनस्पतींच्या बाजूचे लोक म्हणतात. बरोबर आहे. पण यातून निघणारा निष्कर्ष 'म्हणून पुराव्याशिवाय विकू द्या' असा कसा? निष्कर्ष असा निघतो, की हा खर्च सार्वजनिक पैशातून व्हायला हवा. आज तोच पैसा तुकड्यातुकड्यांनी साचेबंद उंदीर-प्रयोगांवर जातो. सहा-सहा उंदरांचे पन्नास प्रयोग करण्यापेक्षा एका वनस्पतीचा प्रमाणित अर्क निवडून, त्यातली द्रव्यं मोजून, विषानंतर देऊन, कोणत्या उंदराला काय दिलं हे काप पाहणाऱ्याला न सांगता एक भक्कम प्रयोग करावा. तो टिकला तर माणसांकडे जावं, नाही टिकला तर तेही छापावं. हरलेल्या अर्कांची नोंद कुठेच होत नाही, म्हणून प्रत्येक नवा विद्यार्थी तीच वाट पुन्हा तुडवतो, आणि प्राणीही विनाकारण जातात.

वनस्पतींकडून मूत्रपिंडाला काही मिळणारच नाही असं मानणाऱ्यांसाठीही एक गोष्ट आहे. १८३५ साली सफरचंदाच्या झाडाच्या मुळाच्या सालीतून फ्लोरिझिन नावाचं कडू द्रव्य वेगळं केलं गेलं. १८८६ मध्ये दिसून आलं, की ते दिल्यावर लघवीतून साखर जाते. का जाते हे समजायला पुढे बरीच दशकं गेली: नलिकेतली साखर परत शोषणारी वाहक प्रथिनं ते अडवतं. तरी फ्लोरिझिन स्वतः औषध होऊ शकलं नाही. आतड्यात ते तुटून जातं, शिवाय आतड्यातली साखर शोषणारी यंत्रणाही अडवतं, म्हणून जुलाब होतात. रसायनशास्त्रज्ञांनी त्याचा सांगाडा घेऊन न तुटणारे आणि फक्त मूत्रपिंडातल्या वाहकाला अडवणारे रेणू घडवले. त्यातलंच एक डॅपाग्लिफ्लोझिन. २०२० साली ४,३०४ मूत्रपिंड-रुग्णांवरच्या चाचणीत मूत्रपिंडाचं काम निम्म्याने किंवा त्याहून जास्त घटणं, ते निकामी होणं किंवा मूत्रपिंडाच्या अथवा हृदयाच्या आजाराने मृत्यू, हे सगळं मिळून निष्क्रिय औषध घेणाऱ्यांत १४.५ टक्के होतं, डॅपाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांत ९.२ टक्के. फायदा मधुमेह असलेल्यांना झाला, नसलेल्यांनाही झाला. हे विषबाधेवरचं औषध नाही, दीर्घ आजारावरचं आहे. पण झाडाच्या सालीपासून रुग्णाच्या मूत्रपिंडापर्यंत जाता येतं, आणि त्या वाटेवर कोणकोणती कामं करावी लागतात, हे त्यातून स्वच्छ दिसतं. सफरचंदाच्या झाडाच्या सालीचा काढा करून विकला असता तर त्या रुग्णांना काहीच मिळालं नसतं.

नियमांचं म्हणाल तर आज अनेक देशांत पळवाट उघडी आहे. अमेरिकेत १९९४च्या कायद्याने पूरक आहाराच्या बाटलीवर 'मूत्रपिंडाच्या आरोग्याला साहाय्य' अशा अर्थाची ओळ लिहायला सरकारची पूर्वपरवानगी लागत नाही. 'आजार बरा होतो' एवढं लिहायचं नाही, म्हणजे झालं. वाचणारा रुग्ण असला बारीक भेद करत नाही. माझ्या मते मूत्रपिंड, यकृत आणि हृदय यांच्या रक्षणाचा कोणताही शब्द लेबलवर यायचा असेल, तर माणसांवरचा पुरावा आधी मागावा. आणि मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नये, हा इशारा पाठीमागच्या बारीक अक्षरांत न छापता दाव्याच्या शेजारी, तेवढ्याच ठळक अक्षरांत असावा.

तोवर जे ठाऊक आहे ते तरी नीट वापरलं जावं. सिसप्लाटिनच्या आधी आणि नंतर शिरेतून पुरेसं सलाइन, सोबत मॅग्नेशियम. जेंटामायसिनची मात्रा वजन आणि मूत्रपिंडाची ताकद पाहून, शक्य तिथे दिवसातून एकदाच, आणि रक्तातली पातळी मोजून. उलट्या-जुलाबांनी शरीर कोरडं पडलेलं असताना आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या बंद. यातलं काहीही आकर्षक नाही, पण मूत्रपिंडं यानेच वाचतात.

डॉक्टरांकडूनही एक अपेक्षा आहे. रुग्ण अर्क घेतो हे बहुतेकदा सांगत नाही, कारण त्याला बोलणी खाण्याची भीती वाटते. प्रत्यारोपण झालेल्या माणसाने सेंट जॉन्स वर्ट ही औषधी वनस्पती घेतली तर प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाची रक्तातली पातळी घसरते आणि शरीर नवा अवयव नाकारू शकतं. ही माहिती वेळेवर बाहेर यायची असेल, तर विचारण्याची पद्धत बदलायला हवी. 'आणखी काय घेता? काढा, भुकटी, गोळ्या, काहीही असो, बाटली घेऊन या, आपण मिळून बघू' असं विचारलं तर लोक सांगतात. बाटली आली की लेबल वाचावं, क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासावं, दोन आठवड्यांनी पुन्हा तपासावं आणि जे दिसलं ते औषधांचे दुष्परिणाम नोंदवणाऱ्या यंत्रणेकडे कळवावं. कोणत्या अर्काने कुणाला काय झालं, याची माणसांवरची पहिली खरी आकडेवारी अशीच जमा होईल, आणि पुढची मोठी चाचणी कोणत्या वनस्पतीची करायची हेही तिच्यावरून ठरवता येईल.